डोळे मिटून केलेला ठराव

माझ्या नोकरीत सगळ्यात वरच्या माणसाला क्लार्क म्हणत. हे मी पहिल्यांदा नागपूरला बाबांना फोनवर सांगितलं. त्यांची सगळी हयात सरकारी कचेरीत गेलेली. क्लार्क म्हणजे काय हे त्यांना माझ्याकडून शिकायचं नव्हतं.

"म्हणजे तू क्लार्कच्या हाताखाली?" त्यांनी विचारलं. "काऊन गं, एवढं शिकून, एवढ्या दूर जाऊन?"

"बाबा, इथला क्लार्क म्हणजे अध्यक्ष. पण त्याला अध्यक्ष म्हटलेलं आवडत नाही."

"पगार कोणाचा जास्त? तुझा का त्याचा?"

"माझा. त्याला पगारच नाही."

यावर त्यांचं थोडं समाधान झालं.

नेदरलँड्समधल्या आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक आइंडहोव्हनला चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करतात. ते मला म्हणाले, "काकू, तुमच्या कामावर लिहा, पण लोकांना कळेल असं लिहा." मनात म्हटलं, तुमच्या यंत्रांपेक्षा माझं काम सोपंच होतं. न पटणाऱ्या माणसांना एका खोलीत बसवायचं आणि कोणी तडकाफडकी उठून जाणार नाही एवढं बघायचं. गेल्या वर्षी मी निवृत्त झाले, म्हणून आता हे इतक्या सहज लिहिता येतंय.

मी ज्या संस्थेत होते ती क्वेकर लोकांची. क्वेकर हा ख्रिश्चनांतला एक लहानसा पंथ आहे. त्यांच्यात पाद्री नाही, घंटा नाही, गाणं नाही. रविवारी सगळे गोल करून बसतात आणि डोळे मिटून गप्प राहतात. कोणाला आतून काही सांगावंसं वाटलं तर तो उठून सांगतो आणि खाली बसतो. त्याला कोणी उत्तर द्यायचं नाही, मान डोलवायची नाही, वाद तर नाहीच. बोललेलं तसंच शांततेत मुरू द्यायचं. युद्धाला त्यांचा पिढ्यान्‌पिढ्या विरोध, आणि एकमेकांना ते 'मित्र' म्हणतात. माझं नाव संघमित्रा. ते डच जिभेला झेपेना, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्याचं 'मित्रा' झालं. मी बौद्ध घरातली, विहारात वाढलेली. गप्प बसण्याचं मला अप्रूप नव्हतं, पण माझा स्वभाव तापट आणि तोंड फटकळ. असल्या माणसाला त्यांनी का ठेवून घेतलं, हे मला आजही सांगता येणार नाही.

वर्षाचं काम साधारण ठरलेलं असे. शाळांमध्ये जाऊन मुलांना आपापली भांडणं आपणच कशी सोडवायची ते शिकवणं. निर्वासित बायकांना सायकल शिकवणं, कारण या देशात सायकल येत नसेल तर माणूस अर्धं पांगळंच. कागदपत्रं नसलेल्यांना वकिलाकडे सोबत करणं. आणि मंगळवारी दुपारी विमानतळाभोवतीच्या गोदामांतल्या कामगारांसाठी घर उघडं ठेवणं. चहा, गप्पा, आणि हवा असेल तर सल्ला.

काही गिऱ्हाइकं इरसाल असत. कापेल आन डेन आयसेल गावचा एक गृहस्थ दर शरद ऋतूत फोन करायचा. शेजाऱ्याचं कुंपण वाढून त्याच्या बागेत ऊन येत नाही. "तुम्ही शांततेचं काम करता ना? मग करा." शेवटी मी गेले. दोघांना कुंपणाकडे तोंड करून खुर्च्यांवर बसवलं, कॉफी दिली आणि गप्प बसले. डच रिवाजाप्रमाणे कॉफीबरोबर एकेक बिस्कीट देऊन यजमानाने डबा बंद केला. बऱ्याच वेळाने शेजारी म्हणाला, "दुसरं मिळेल का?" तिथून बोलणं सुरू झालं. पुढच्या वर्षी पुन्हा फोन आला. या वेळी दोघे एकाच फोनवर होते आणि तक्रार तिसऱ्या शेजाऱ्याविरुद्ध होती. याला यश म्हणायचं का, ते मी वाचकांवर सोपवते.

आमची कचेरी बाडहूव्हडॉर्प गावात एका जुन्या दुमजली घरात होती. विमानतळाला इतकं लागून की चहाचे कप फळीवर थरथरायचे. वरच्या मजल्यावर पाहुण्यांच्या खोल्या, खाली कचेरी आणि सभेची खोली. मागच्या बाजूला बागेकडे तोंड करून असलेल्या खोलीत रिकी राहायच्या. वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणापासून त्यांनी हे घर सांभाळलं होतं. आल्यागेल्याचं जेवणखाण, चादरी, किल्ल्या, सगळं त्यांच्याकडे. क्वेकर लोक लहानथोर सगळ्यांना नुसत्या नावाने हाक मारतात. माझ्या तोंडातून ते निघेना, म्हणून मी त्यांना रिकीताई म्हणू लागले. 'ताई' ही कुठलीशी पदवी आहे अशी त्यांची समजूत होती आणि मी ती कधी दुरुस्त केली नाही.

आता ठरावाची पद्धत सांगते, कारण सगळी गंमत तिथेच आहे. क्वेकर सभेत मतदान नसतं. बहुमत नसतं. विषय मांडायचा, डोळे मिटून गप्प बसायचं, बोलावंसं वाटेल त्याने बोलायचं, आणि सगळ्यांचं मन कुठे जुळतंय ते क्लार्कने ओळखून तिथल्या तिथे ठराव लिहायचा. एकाला जरी मनापासून पटलं नाही तरी पुन्हा गप्प बसायचं. एका सायकल स्टँडचा ठराव आमच्याकडे तीन हिवाळे चालला होता. मी आतल्या आत धुमसायचे. आपल्याकडे हात वर करून पाच मिनिटांत मोकळे झाले असते.

मग करोना आला. विमानं थांबली, कप थरथरायचे थांबले. वरच्या खोल्या रिकाम्या झाल्या. रिकीताईंची छाती आधीच कमजोर, त्यामुळे त्यांनी कोणाला आत घेणं बंद केलं. मी डीमनच्या माझ्या घरून सायकलने येऊन त्यांचं सामान खिडकीशी ठेवायचे आणि काचेतून हात हलवायचे. सभा कॉम्प्युटरवर भरू लागली. क्वेकर सभा कॉम्प्युटरवर कशी दिसते ते डोळ्यांपुढे आणा. पडद्यावर चौकटीच चौकटी, प्रत्येकीत एक मिटल्या डोळ्यांचा चेहरा. माझा नवरा चहा द्यायला आला आणि हळूच म्हणाला, "सगळे झोपले का गं?"

दुसरी लाट आली त्या शरद ऋतूत मला दानुताचा फोन आला. ही पोलंडची, चाळिशीतली, विमानतळाजवळच्या एका गोदामात पार्सलं वेगळी करायची. मंगळवारच्या चहाला नेहमी यायची आणि खुर्ची न ओढता उचलून ठेवायची, म्हणून लक्षात राहिली होती. या कामगारांची एक मेख आहे, ती बाहेरच्यांना ठाऊक नसते. काम देणारी एजन्सीच राहायला खाट देते. काम गेलं की खाटही जाते. दानुताला खोकला झाला, तिला घरी बसवलं, मग काढूनच टाकलं. टेस्ट निगेटिव्ह आली तोवर तिची खाट दुसऱ्याला गेली होती. एका मैत्रिणीच्या खोलीत ती चोरून राहत होती आणि तिथूनही तिला निघायचं होतं. "मित्रा, मला गाडी नाही," ती म्हणाली. "गाडी असलेले गाडीत झोपतात."

मी विषय सभेत मांडला. वरची एक खोली दानुताला द्यावी. आमचे क्लार्क मार्टेन, शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक, उंच आणि संथ. त्यांनी सगळ्यांना शांततेत बसायला सांगितलं. डोळे मिटले. एकदोघे बोलले, बाजूनेच. पुन्हा शांतता, चांगली लांब. मग मार्टेननी ठराव लिहून वाचला आणि विचारलं, "मान्य?" एकेक चौकट मान हलवत गेली. रिकीताईंचीही मान खाली गेली. मला तर आनंदाने ओरडावंसं वाटलं. सायकल स्टँडला तीन हिवाळे, आणि हे एकाच संध्याकाळी. मी लगेच दानुताला कळवलं, उद्या ये.

सकाळी मी रिकीताईंना फोन केला. ती थोड्या वेळात येईल, मागच्या जिन्याची किल्ली मी देईन, वगैरे सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "ठीक आहे. मी काल बोलले ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत आणि तरी असं ठरवलंत. मी माझं दार बंद ठेवीन."

"काल? तुम्ही तर काही बोललाच नाहीत, रिकीताई."

"मी बराच वेळ बोलले, मित्रा."

मग मला उमगलं. त्यांचा माईक बंद होता. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, त्यामुळे त्यांचे हलणारे ओठ कोणी पाहिलेच नाहीत. आणि कोणी उत्तर दिलं नाही याचं त्यांना काही वाटलं नाही, कारण उत्तर न देणं हीच तर रीत. आपलं ऐकून, तोलून, बाजूला ठेवलं असं समजून त्यांनी मान खाली घातली, आणि मार्टेननी तो होकार धरला. अशी चूक दुसऱ्या कुठल्या सभेत होणं शक्य नाही. दुसरीकडे कोणीतरी ओरडलं असतं, "आजी, म्यूट काढा."

"काय बोलला होतात?" मी विचारलं.

"सभेतलं सभेत," त्या म्हणाल्या. "फोनवर नाही."

मी मार्टेनना फोन लावला. ते नेहमीच्या संथपणे म्हणाले, "मग तो ठराव नाहीच. पुन्हा बसावं लागेल."

"मार्टेन, बाई बसमध्ये बसली आहे."

"मग आजच बसू. बागेत."

मी सायकल कशी हाणली ते माझं मला माहीत. पोचले तर दानुता पुढच्या पायरीवर बसलेली. शेजारी एक चौकड्यांची मोठी पिशवी, एक सुटकेस, आणि पिशवीतून तोंड बाहेर काढलेली विजेची किटली. मी तिला काय झालं ते सांगितलं. तिने फक्त विचारलं, "म्हणजे नाही?"

"म्हणजे अजून ठरलं नाही."

"तेच," ती म्हणाली आणि सुटकेस पायाशी ओढून घेतली.

किल्ली माझ्या कोटाच्या खिशात होती. मार्टेनना यायला वेळ होता. मागचा जिना उघडायचा, हिला वर पोचवायचं, पुढचं पुढे. एकदा माणूस आत गेलं की त्याला बाहेर काढायची या लोकांची छाती नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी मागच्या दाराशी गेलेसुद्धा. तेवढ्यात बाबांचा रोजचा फोन आला. माझा आवाज ऐकून त्यांनी विचारलं, तेव्हा मी तावातावाने सगळं सांगून टाकलं. "हात वर करायला लावले असते ना बाबा, तर एक म्हातारी एकीकडे आणि बाकी सगळे एकीकडे. मिटलं असतं."

"मोजून टाकलं असतं तिला," बाबा म्हणाले.

"तसं नाही हो."

"तसंच. आपले लोक नेहमी मोजणीत कमीच भरले. आणि किती पिढ्या गप्प होतो आपण. त्याला लोकांनी होकारच धरला होता ना? ही बाई तर गप्पही नव्हती." मग म्हणाले, "आणि पायरीवर बसलेल्या बाईनं काही खाल्लं का?"

मला रडू आलं. रागाचं होतं का शरमेचं, ते तेव्हा कळलं नाही. मी किल्ली खिशात टाकली आणि डब्यातला ठेपला दानुताला नेऊन दिला.

मंडळी सायकलींवरून आली. कोट, मफलर, मास्क घालून ओल्या गवतावर लांब लांब खुर्च्या टाकून बसली. लांबचे सभासद फोनवर होते, तो फोन बागेतल्या टेबलावर ठेवला. रिकीताईंनी आपली खिडकी उघडली आणि शाल घेऊन आतल्या बाजूला बसल्या. दानुता फाटकाजवळ सुटकेसवर बसली. मार्टेननी शांततेत बसायला सांगितलं. सगळ्यांचे डोळे सवयीने मिटले.

"नाही," खिडकीतून आवाज आला. "आज उघडे ठेवा."

या लोकांना उघड्या डोळ्यांनी गप्प बसता येत नाही, हे मी तेव्हा पाहिलं. कोणी गवताकडे, कोणी बुटांकडे. मग रिकीताई बोलल्या. "मी काल 'नाही' म्हणाले होते. या घरात मी जन्मभर कोणालाही आत घेतलं, नाव न विचारता. आता जिन्यावर कोणी खोकलं तर मी मरेन, अशी मला भीती वाटते. मला मरायचं नाही. याची मला लाज वाटते, पण हेच खरं आहे. एवढंच बोलले होते."

कोणी उत्तर दिलं नाही. रीतच तशी. पण दानुताला रीत ठाऊक नव्हती. ती उठून उभी राहिली आणि मोडक्यातोडक्या डचमध्ये म्हणाली, "माझी आई गावी एकटी आहे. तिच्या घरात कोणी अनोळखी बाई राहायला आली तर मीपण नाहीच म्हणेन. तुम्ही बरोबर आहात." तिने पिशवी खांद्याला लावली. मग मार्टेनकडे वळून म्हणाली, "पण आज मी कुठे जायचं, ते सांगा. तुम्ही इतके लोक आहात."

इतक्या वर्षांत मी पुष्कळ शांतता ऐकल्या. ही सगळ्यात वाईट होती. मार्टेनच्या मांडीवरचा कागद वाऱ्याने फडफडत होता आणि ते काही लिहीत नव्हते.

शेवटी रिकीताईंनी विचारलं, "नाव काय तुझं?"

"दानुता."

"मास्क काढ. तिथूनच. चेहरा बघू दे."

दानुताने मास्क काढला. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, म्हातारी खिडकीतून आणि ही फाटकातून.

"माझी भीती गेलेली नाही," रिकीताई म्हणाल्या. "ती ठरावात लिहा, मार्टेन. पण हिने रोज सकाळी या खिडकीसमोर यायचं, बाहेरून, आणि तोंड दाखवायचं. मला न दिसणाऱ्या खोकल्याची भीती वाटण्यापेक्षा समोर दिसणाऱ्या माणसाची वाटलेली बरी."

मार्टेननी लिहिलं. रिकी घाबरते. दानुताला घर नाही. दोन्ही खरं आहे. दानुता वरच्या खोलीत राहील, मागच्या जिन्याने जाईल-येईल आणि रोज खिडकीशी तोंड दाखवेल. "मान्य?" सगळ्यांच्या माना हलल्या आणि या वेळी प्रत्येकाने दुसऱ्याची मान हललेली बघितली. मी किल्ली काढून दानुताच्या हातात दिली. माझे हात थंडीने बधिर झाले होते.

तेव्हापासून आमच्या सभेत एक नवी रीत आली, ती अजून आहे. ठराव मान्य करण्याआधी डोळे उघडून एकेका चेहऱ्याकडे बघायचं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "एवढ्यासाठी करोना यावा लागला?"

हे काम असं आहे की त्याची फुशारकी मारता येत नाही. एका दानुताला खोली मिळाली. त्या हिवाळ्यात मंगळवारी दारात आलेल्या कितीतरी जणांना आम्ही कागदी कपातून चहा आणि एक फोन नंबर देऊन परत पाठवलं. त्यांतले काही चेहरे मला अजून आठवतात आणि बरं वाटत नाही.

दानुता मात्र रोज खिडकीशी गेली. पहिले काही दिवस नुसतं तोंड दाखवून वळायची. मग हवेबद्दल एखादं वाक्य, मग आईबद्दल. तिला एका रोपवाटिकेत काम मिळालं आणि ती राहिली ती राहिलीच. काचेच्या बाहेरच्या कठड्यावर ती सूप ठेवायची, रिकीताई रिकामं भांडं ठेवायच्या. कधी भांडायच्याही, बीटमध्ये आंबट क्रीम घालावं की नाही यावरून. लस आली, तरी भेट खिडकीतच. रिकीताई म्हणायच्या, दारातून काय कोणीही येतं.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी मी कचेरीत पोचले तर दारात रुग्णवाहिका उभी. दानुता नेहमीप्रमाणे खिडकीशी गेली होती. थंडीमुळे काच बंद. रिकीताई आत खुर्चीतच होत्या, एका बाजूला कललेल्या, आणि त्यांचे ओठ हलत होते. आवाज काही येत नव्हता. दुसऱ्या कोणाला वाटलं असतं, म्हातारी गुणगुणतेय. दानुताने कठड्यावरची कुंडी उचलली आणि काच फोडली. अर्धांगाचा झटका होता, वेळेवर पोचवलं म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणाले.

रिकीताई घरी आल्या तेव्हा उन्हाळा लागायला आला होता. बोलणं जरा जड झालं होतं, डोकं शाबूत. मी चादरी घालत होते आणि दानुता पहिल्यांदाच त्या खोलीत, दारातून आत येऊन, नव्या काचेवरचे डाग पुसत होती.

"त्या दिवशी मी काय म्हणत होते गं?" रिकीताईंनी तिला विचारलं. "मला काही आठवत नाही."

दानुताने फडकं पिळलं. "ते मला कळलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही बोलत होतात, एवढं दिसलं."